आहे तसा स्वीकार



मिस्सामध्ये प्रभूची प्रार्थना झाली की धर्मगुरू आपल्याला एकमेकांना शांती द्यायला सांगतात. आपण डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, हात जोडतो, मागच्या बाकावरच्यांकडे पाहून मान हलवतो. दहा-पंधरा सेकंदांत हे आटोपते. मिस्सा संपते आणि तीच माणसे बाहेर अंगणात वेगवेगळ्या घोळक्यांत उभी राहतात. गोव्याची मंडळी एकीकडे, मंगळूरची एकीकडे, आम्ही नगरकडचे पाण्याच्या नळाजवळ, तमिळ आणि केरळी कुटुंबे फाटकाशी. कोणाचे कोणाशी भांडण नसते. रिक्षा मिळेपर्यंतचा तो वेळ असतो. पण इतकी वर्षे शेजारी बसूनही आपल्याला पलीकडच्या घोळक्यातील किती जणांची नावे ठाऊक आहेत, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. मी विचारले तेव्हा मला चारच नावे आठवली.

संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा चौदावा आणि पंधरावा अध्याय एकदा घरी सावकाश वाचा. तिथे भांडण होते ते ताटावरून आणि सणावारांवरून. काही जण सर्व काही खात, काही जण फक्त भाजीपाला. काही जण विशिष्ट दिवस पाळीत, इतरांना सर्व दिवस सारखे. खाणारा न खाणाऱ्याला तुच्छ मानी आणि न खाणारा खाणाऱ्याला दोषी ठरवी. पौलाचे स्वतःचे मत त्यांत स्पष्ट होते, ते त्याने लपविले नाही. तरीसुद्धा त्याने एका गटाला दुसऱ्यासारखे व्हायला सांगितले नाही. ख्रिस्ताने जसे तुम्हांला जवळ केले तसे तुम्ही एकमेकांना जवळ करा, असे त्याने सांगितले. आता ख्रिस्ताने आपल्याला केव्हा जवळ केले? आपण सुधारल्यावर? त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो की आपण पापी असतानाच तो आपल्यासाठी मरण पावला. म्हणजे जवळ करणे आधी झाले, आपले सुधारणे नंतर. आणि काहींचे ते अजून चाललेले आहे.

हे कळायला सोपे आहे. मला ते माझ्या घरात कळायला फार उशीर लागला. म्हणून तीच हकीकत सांगतो.

माझे वडील साठच्या दशकात नगर जिल्ह्यातून अंबरनाथला आले आणि आगपेट्यांच्या कारखान्यात लागले. आमच्यासारखी बरीच ख्रिस्ती कुटुंबे त्या काळात दुष्काळी गावे सोडून इकडे आली. लहानपणी चर्चच्या आवारात दुसरी मुले आम्हांला ‘घाटी’ म्हणत. त्यांना त्यात फारसे काही वाटत नसावे, पण शब्द लागायचा. घरी आल्यावर मी आईला विचारले होते, आपण येशूचेच ना? आई भाकरी थापता थापता हो म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही.

अशा मुलाने मोठेपणी दुसऱ्याला नाव ठेवताना विचार करायला हवा होता. पण मी नोकरीला लागलो आणि डबा खाताना उल्हासनगरच्या सिंध्यांवरचे विनोद सांगण्यात पुढे असे. ‘मेड इन यूएसए’चा तो जुना विनोद तुम्हांला ठाऊक आहेच: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. एका शहराचा, लाखभर माणसांचा, एका ओळीत निकाल. दोन स्टेशने सोडून राहत असूनही कॅम्पमध्ये मी जात असे तो कापड आणि फर्निचर घ्यायला. कोणाच्या घराचा उंबरठा मी कधी ओलांडला नव्हता.

ते शहर कसे उभे राहिले हे आपल्या मुलांना फारसे कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी छावणी बांधली होती. युद्ध संपले, बराकी रिकाम्या पडल्या. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधील हिंदू कुटुंबे घरदार सोडून कराचीहून बोटीने मुंबईला येऊ लागली. त्यांतील सुमारे एक लाख माणसांना या बराकींत आणून ठेवले. पाच कॅम्प पडले, आणि आजही आपण पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असेच म्हणतो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसविली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. फाळणीत पंजाब वाटला गेला, बंगाल वाटला गेला, पण सिंध अखंडच पाकिस्तानात गेला. म्हणून पंजाब्याला आणि बंगाल्याला भारतात आपल्या भाषेचा एक मुलूख उरला, सिंध्याला उरला नाही. कुठल्याही राज्यात तो पाहुणाच. हे मला शाळेत शिकविलेले नव्हते, आणि विनोद सांगताना ते आठवण्याचा प्रश्नच नव्हता.

आता घरची गोष्ट. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलाने सांगितले की त्याला कॅम्पमधल्या एका मुलीशी लग्न करायचे आहे. ऑफिसातली ओळख. आमच्या घरी दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. मग मी धर्मगुरूंना भेटलो. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये विवाह करायचा तर महागुरूस्वामींची परवानगी लागते. कॅथलिक वधू किंवा वराने आपली श्रद्धा राखण्याचे आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा व ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत यासाठी आपल्याकडून शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यायचे असते. दुसऱ्या पक्षाला या वचनाची कल्पना दिलेली असावी लागते, त्याच्याकडून धर्मांतराची अपेक्षा नसते. फादरांनी हे समजावून सांगितले तेव्हा माझ्या पत्नीने लगेच विचारले, “पण फादर, पुढे ती येईल ना आपल्यात?” फादर म्हणाले, “बाई, ते पुढचे देवाला करू द्या. तुम्ही आज तिला जेवायला बोलवा.”

मुलगी जेवायला आली. चहा झाला, बोलणे रंगेना. तेव्हा तिने स्वतःहूनच तो यूएसएचा विनोद सांगितला आणि स्वतःच हसली. आम्हीही हसलो. रात्री पडल्या पडल्या माझ्या लक्षात आले की आपण सांगण्याआधी तिने तो सांगून टाकला. असे किती घरांत सांगत आली असेल! घाटी म्हटले की मीही असाच सगळ्यांच्या आधी हसत असे.

लग्न झाले. सून गुणी निघाली, आमचा आणि तिचा जीव जडला. पण माझ्या पत्नीच्या मनात एक मुदत होती. वर्षभरात ती मिस्साला येऊ लागेल, दोन वर्षांत बाप्तिस्मा होईल. दर रविवारी निघताना ती विचारी, “येतेस का गं?” आणि सून हसून म्हणे, “मम्मी, तुम्ही या जाऊन, मी भाजी करून ठेवते.” त्या एका प्रश्नात प्रेम होते, ते मी नाकारीत नाही. पण त्यात हप्त्याची आठवणही होती. आम्ही तिला घरात घेतले होते ते जणू कर्जाने, आणि ती आमच्यासारखी होऊन ते फेडणार होती. स्वीकार म्हणून आपण पुष्कळदा जे करतो ते असेच असते. ‘मुलगी चांगली आहे, पण…’ त्या ‘पण’च्या पुढे जे येते तीच आपली खरी अट असते.

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आपण सर्वांनी प्रवचनात अनेकदा ऐकली आहे. ठेंगणा जकातदार, उंबराचे झाड, खालून हाक मारणारा येशू. आपण त्याच्या झाडावर चढण्याचे कौतुक करतो आणि त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली त्याचेही. मला मात्र अलीकडे त्यांतला क्रम लक्षात येतो. येशूने त्याला आधी पैसे परत कर असे सांगितले नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच सांगितले. लोक कुरकुरले ते याच क्षणी, कारण घर अजून जसेच्या तसे होते, लुबाडलेल्या पैशाचे. त्या घरी येशू गेला. चौपट परत करण्याचे बोलणे जक्कयाने स्वतः काढले, येशूने नव्हे. आपण असतो तर उलट केले असते. आधी पावत्या मागितल्या असत्या.

घरी जाण्याची ही पाळी माझ्यावरही आली. सुनेची पणजी, म्हणजे तिच्या वडिलांची आजी, तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती. लग्नाच्या गर्दीत बोलणे झाले नव्हते म्हणून तिने आम्हा व्याह्यांना मुद्दाम बोलावले. बराकीचे मूळ घर आता ओळखू येत नाही, वर मजले चढले आहेत, तरी खालच्या खोलीची एक भिंत जुनी ठेवलेली होती. पाण्याबरोबर पापड आले, ती त्यांची रीत. नंतर दाल-पकवान. म्हातारी हिंदी, सिंधी आणि थोडे मराठी असे मिसळून बोलत होती. ती बोटीने आली तेव्हा नऊ वर्षांची होती. कल्याणच्या बाजारात पोरे ‘निर्वासित, निर्वासित’ म्हणून मागे लागत. तिच्या वडिलांनी घरात तो शब्द बंद केला होता. आपण शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत, असे ते मुलांकडून म्हणवून घेत आणि मग टोपलीत गोळ्या-बिस्किटे देऊन गाडीत विकायला पाठवीत.

मग तिने मला एक प्रश्न विचारला, जो मी चाळीस वर्षांत कोणा सिंधी माणसाला त्याच्याविषयी विचारला नव्हता. “तुमच्यात चाळीस दिवसांचा उपवास असतो ना? काय काय सोडता?” मी प्रायश्चित्तकाळाविषयी सांगितले. राखेचा बुधवार, शुक्रवारचा क्रूसाचा मार्ग, मांस वर्ज्य. ती मन लावून ऐकत होती. त्यांचाही चालिहो चाळीस दिवसांचाच, झुलेलालसाठी, पावसाळ्यात. मी कॅम्पातून जाताना ते मांडव पाहिले होते आणि ट्रॅफिक अडतो म्हणून चिडलोही होतो. ते चाळीस दिवस आहेत हे मी कधी मोजले नव्हते.

आमचा धर्म आणि त्यांचा धर्म एकच आहे असे मी म्हणत नाही, ती म्हातारीही म्हणत नव्हती. मी मिस्साला जाणारा माणूस आहे आणि येशू हाच तारणारा अशी माझी श्रद्धा आहे. पण तिने मला बदलण्यासाठी विचारले नव्हते, जाणून घेण्यासाठी विचारले होते, आणि विचारले गेल्याचे मला किती बरे वाटले हे मला घरी परतताना जाणवले.

आपल्या नगरकडच्यांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण इथे सांगावेसे वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. ते आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हते, अमेरिकन मिशनचे होते. त्यामुळे काही वाचक इथेच भुवया उंचावतील. उंचावू देत. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला झाला. लक्ष्मीबाई तेव्हा सोवळ्याओवळ्यात वाढलेली ब्राह्मण बाई, पदरात लहान मुलगा. तिच्यावर आकाश कोसळले. पुढची चार-पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली. मग ती नगरकडे त्यांच्याकडे राहायला आली, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे बरोबर घेऊन आली. तिचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. ज्या माणसाने नव्या श्रद्धेसाठी नातेवाईक, मान, सर्व सोडले, त्याच्याच घरात त्या श्रद्धेला न मानणारी चूल पेटत होती, आणि त्याने ती पेटू दिली. टिळक काही थंड स्वभावाचे नव्हते, चांगले तापट होते. म्हणून हे मला अधिक मोठे वाटते. पुढे तिच्याच मनाने विचार केला की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, आणि तिने तो टाकला. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला.

आणि तिनेही त्याला किती सांभाळून घेतले! घरातली वस्तू उचलून दुसऱ्याला देऊन टाकणारा, पैशाचा हिशेब नसलेला नवरा. तिच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ती त्याच्या तऱ्हा सांगते, त्या लपवीत नाही, गोडही करीत नाही, आणि तरी वाचणाऱ्याला तो माणूस आवडतो. दोष दिसत असूनही माणूस आवडणे, याला मी स्वीकार म्हणेन. ज्यांना दोष दिसतच नाहीत त्यांचे प्रेम अजून कोवळे असते.

लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, म्हणून टिळकांची वाट पाहणे सफल झाले असे आपण म्हणतो. त्या झाल्या नसत्या तर? तर त्यांनी वेगळी चूल चालू दिली ती चूक ठरली असती का? माझ्या पत्नीला मी हा प्रश्न विचारला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता एक गोष्ट मला अगदी स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण या विषयावर बोलताना ती चुकीच्या ठिकाणी वापरली जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील प्रार्थनासभेत एका बहिणीने रडत सांगितले की नवरा दारू पिऊन मारतो. तिला तिथे काय उत्तर मिळाले? त्याला आहे तसा स्वीकार, हा तुझा क्रूस आहे. मी तिथे होतो आणि गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते. मारणाऱ्या हाताला स्वीकारायला प्रभूने कोणालाही सांगितलेले नाही. महायाजकासमोर एका शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा तो मुकाट राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने त्या शिपायाला विचारले. योहानाच्या अठराव्या अध्यायात ते आहे. ती बहीण जर हा लेख वाचत असेल तर तिने फादरांना भेटावे, पोलिसांकडे जावे. घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा २००५ सालापासून आहे आणि तो आपल्या ख्रिस्ती घरांनाही लागू आहे. नवऱ्यासाठी प्रार्थना करायची तर ती सुरक्षित घरात बसूनही करता येते.

मग रेघ कुठे ओढायची? माझ्या मते माणसाची भाषा, त्याचे ताट, त्याची गती, त्याचा स्वभाव, त्याचे दुबळेपण, त्याची श्रद्धा हे सर्व त्याचे आहे. ते मला नडते म्हणून ते पाप होत नाही. आपली निम्मी भांडणे याच जागेवरची असतात, सासूसुनांची तर पाऊणपट. पण जिथे कोणी दुसऱ्याला इजा करतो तिथे त्याला थांबविणे हेही त्याच्यावरचे प्रेमच आहे. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला येशूने दोषी ठरविले नाही आणि पुन्हा पाप करू नकोस असेही सांगितले. दोन्ही वाक्ये त्याच तोंडातून आली. फक्त आधी दगड खाली पडले.

इतरांना सुधारण्याची घाई आपल्याला का होते याचाही मी थोडा विचार केला आहे. समोरचा वेगळा राहिला तर आपले काही कमी होईल अशी आपल्याला भीती असते. सून मिस्साला आली नाही तर लोक काय म्हणतील? नातवंडे कुठल्या बाजूला जातील? या चिंता खोट्या नाहीत. नातवाचा बाप्तिस्मा आमच्याच चर्चमध्ये झाला, मुलाने दिलेले वचन पाळले, आणि सुनेने त्या दिवशी स्वतः जागून केक केला. तरी पोरगा झुलेलालच्या तसबिरीपुढेही हात जोडतो, आणि आम्ही पाहत नाही असे समजून ते करतो. तो चोरून करतो याचे मला जास्त वाईट वाटते. चोरून करायला तो आमच्याकडूनच शिकला.

सुनेच्या पणजीला जाऊन आता तीन वर्षे झाली. अंत्यविधीला आम्ही दोघे गेलो होतो. तिथे माझ्या पत्नीने कोणी न सांगता बायकांमध्ये बसून डोक्यावर पदर घेतला आणि तिला न कळणाऱ्या भाषेतले भजन शेवटपर्यंत ऐकले. परतताना रिक्षात ती म्हणाली, “आपण आलो ते बरं झालं.” तेवढेच. त्यानंतरच्या रविवारी निघताना तिने सुनेला नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सून दारापर्यंत आली, थोडी थांबली, बहुधा प्रश्नाची वाट पाहत असावी.

मागच्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला सून मुलाला घेऊन आली होती. स्वतःहून आली. उशीर झाल्याने अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर बसली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ती जागेवरच बसून राहिली, आणि आजूबाजूचे दोघे-चौघे वळून पाहत होते. माझी पत्नी गेली तीस वर्षे पुढून दुसऱ्या बाकावर बसते. ती जागा तिची आहे हे चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, उशिरा आली तरी तिथे कोणी बसत नाही. ख्रिस्तप्रसाद घेऊन परतताना ती त्या बाकाशी थांबली नाही. तशीच चालत मागे गेली आणि सुनेच्या शेजारी जाऊन बसली. तेव्हापासून रविवारीही ती मागेच बसते, सून आलेली असो किंवा नसो. मी अजून पुढेच बसतो. तिची जागा मोकळी असते.